गाठ काढली, आता फाइल जपा

ओव्हरीची गाठ काढून बाई घरी आली की आपल्याकडे सगळे सुटकेचा श्वास टाकतात. "गाठ गेली, आता काही नाही." बहुतेक वेळा हे खरंही असतं. अंडाशयातल्या बहुसंख्य गाठी साध्या असतात आणि काढल्यावर विषय संपतो. पण थोड्या स्त्रियांच्या बाबतीत हाच दिलासा पुढे महागात पडतो. त्यांच्या गाठीचं नाव असतं ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर. अंडाशयाच्या एकूण कर्करोगांत तिचा वाटा जेमतेम 2 ते 5 टक्के. ही गाठ सावकाश वाढते, बहुतेकदा पहिल्याच टप्प्यात सापडते, ऑपरेशननंतर बाई ठणठणीत होते, शेतीला-नोकरीला लागते. आणि मग पाच, दहा, क्वचित वीस वर्षांनी ती पोटात पुन्हा उगवते.

तोवर ऑपरेशन केलेले डॉक्टर निवृत्त झालेले असतात, कागद कुठल्या तरी पेटीत ओल लागून चिकटलेले असतात, आणि नव्या डॉक्टरांना सांगायला एवढंच उरतं: "तेव्हा पिशवीचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं." तिथून सगळा तपास पहिल्यापासून सुरू करावा लागतो. हे टाळता येतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या, मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या घरांसाठी हा लेख त्यासाठीच आहे: ही गाठ ओळखायची कशी, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काय विचारायचं, आणि पुढची वर्षं कशी सांभाळायची.

ही गाठ येते कुठून

अंडाशयात वाढणाऱ्या प्रत्येक बीजाभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचं वेष्टन असतं. बीजाचं पोषण करणं, इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करणं आणि इनहिबिन नावाचं दुसरं हार्मोन रक्तात सोडून पिट्यूटरी ग्रंथीला लगाम घालणं, ही या पेशींची कामं. त्याच बेसुमार वाढल्या की ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर तयार होतो. गाठ झाली तरी या पेशी आपली जुनी कामं सोडत नाहीत. इस्ट्रोजेन आणि इनहिबिन तयार होतच राहतात, आणि आजाराची लक्षणं, तपासण्या, पुढची देखरेख, सगळं यावरच उभं आहे.

या गाठीचे दोन प्रकार आहेत. सुमारे 95 टक्के गाठी ॲडल्ट प्रकारच्या असतात आणि त्या बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसतात. उरलेल्या 5 टक्के जुव्हेनाइल प्रकारच्या. त्या लहान मुलींत आणि तिशीच्या आतल्या तरुणींत आढळतात. या लेखात मुख्यतः ॲडल्ट प्रकाराबद्दल लिहिलं आहे.

अंगावरून गेलं तर थांबू नका

नको त्या वयात इस्ट्रोजेन वाढलं की गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि रक्तस्राव होतो. म्हणून ही लक्षणं लक्षात ठेवा:

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, अगदी एखादा डाग दिसला तरी.

चाळिशी-पंचेचाळिशीत पाळी अतिशय जास्त जाणं, किंवा महिनोन्महिने थांबून मग एकदम खूप जाणं.

ओटीपोट जड वाटणं, पोटाचा घेर वाढणं, वारंवार लघवीला लागणं. ही गाठ सापडते तेव्हा अनेकदा 10-12 सेंटीमीटरची झालेली असते.

पोटात अचानक जोरात कळ येणं, चक्कर, घाम. या गाठीत रक्तवाहिन्या भरपूर असतात. ती फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा.

सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलीची छाती वाढू लागणं किंवा तिला पाळी येणं.

पहिल्या लक्षणाबाबत आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ जातो. "उष्णता झाली असेल", "भाताची लावणी चालू आहे, अंगमेहनतीनं झालं असेल", "या वयात हे कुणाला सांगायचं", असं म्हणत महिने निघून जातात. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव कुठल्याही कारणानं असो, तपासायलाच हवा. आधी गावातल्या आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथून कळंबणी, कामथे अशा उपजिल्हा रुग्णालयात किंवा रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी होऊ शकते. पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव होत असेल आणि सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं, तर त्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं या जिल्ह्यात गावोगाव स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाच्या कर्करोगाच्या तपासण्या केल्या आहेत, आणि त्यात तपासून घेतलेल्या बायकांना वाटतं की आपली "कॅन्सरची टेस्ट" झाली. पण त्या तपासणीत अंडाशय येत नाही. अंडाशयाच्या कर्करोगासाठी निरोगी बायकांची सरसकट करावी अशी कुठलीही तपासणी आज नाही. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून अधिक स्त्रियांवर सोनोग्राफी आणि सीए-125 या रक्तचाचणीचा मोठा अभ्यास झाला. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि अशा तपासणीनं मृत्यू कमी होत नाहीत असं दिसलं. म्हणून लक्षणाकडे लक्ष देणं हाच आपल्या हातातला उपाय आहे.

ऑपरेशनच्या आधी

सोनोग्राफीत अंडाशयात घट्ट भाग आणि पाण्याच्या पोकळ्या असलेली गाठ दिसली आणि सोबत रक्तस्रावही असेल, तर डॉक्टरांना या आजाराची शंका येते. तेव्हा पुढच्या गोष्टी आवर्जून विचारा.

रक्तात सीए-125 सोबत इनहिबिन बी आणि एएमएच (याच पेशींचं आणखी एक हार्मोन) पाहायचं का? सीए-125 ही अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगाची चाचणी. या गाठीत ती बऱ्याचदा नॉर्मल असते आणि त्यामुळे खोटा धीर मिळतो. पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात इनहिबिन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ते वाढलेलं दिसलं तर तो मोठा धागा असतो. ऑपरेशनच्या आधीचा आकडा पुढच्या सगळ्या वर्षांसाठी तुलनेला लागतो. गाठ काढल्यावर तो मिळवता येत नाही.

गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी झाली का? या गाठीच्या इस्ट्रोजेनमुळे अस्तर जाड होणं अगदी नेहमीचं, आणि सुमारे 5 ते 10 टक्के रुग्णांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही सोबत सापडतो. पिशवी ठेवायची असेल तर ही बायोप्सी चुकवू नये.

गाठ न फोडता अख्खी बाहेर काढता येईल का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाठ अंडाशयातच आणि तिचं आवरण शाबूत असेल तर टप्पा 1ए. ऑपरेशन करताना ती फुटली, आतलं पाणी पोटात सांडलं, की टप्पा होतो 1सी, आणि परत उगवण्याचा धोका वाढतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं तर गाठ पोटातच छोट्या थैलीत घालून मग बाहेर काढावी. लहान छेदापेक्षा गाठ शाबूत निघणं मोलाचं आहे. त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागला तर घ्यावा. सुई टोचून अशा गाठीतलं पाणी काढू नये. कर्करोगाची शंका असेल तर कर्करोगाची ऑपरेशनं करणाऱ्या स्त्रीरोग सर्जनकडे जाणं श्रेयस्कर.

मूल हवं असलेल्या तरुणीची गाठ एकाच बाजूला असेल, आणि ती बहुधा एकाच बाजूला असते, तर तेवढी ओव्हरी आणि नळी काढून पिशवी व दुसरी ओव्हरी ठेवता येते. कुटुंब पूर्ण झालेल्या किंवा पाळी गेलेल्या बाईची पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढतात. या आजारात लिम्फच्या गाठींत रोग क्वचितच पसरतो, त्यामुळे त्या सरसकट काढण्याची गरज नसते.

गाठ विरघळवण्याची औषधं, काढे, लेप यांत वेळ घालवू नका. अशी गाठ विरघळत नाही. दरम्यान ती फुटली तर नुकसान भरून येत नाही.

बरणीतली गाठ

ऑपरेशन संपलं की नातेवाइकांना एका बरणीत गाठ दाखवतात आणि कधी कधी हातात देऊन सांगतात, लॅबमध्ये पोचवा. उपचाराचा निम्मा निकाल या बरणीत असतो. म्हणून ती नीट पाहा.

बरणीत 10 टक्के फॉर्मॅलिन हवं. सलाइन चालत नाही, स्पिरिट चालत नाही, फ्रीजमध्ये ठेवून भागत नाही. गाठीच्या साधारण दहापट फॉर्मॅलिन असावं. मोठी गाठ तशीच बुडवली तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचत नाही आणि मधल्या पेशी कुजतात. कोकणातल्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडतं. मोठ्या गाठीला चिरा देण्याचं काम डॉक्टर किंवा लॅब करते, आपण करायचं नाही. पण बरणी त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवणं आपल्या हातात आहे. बरणीवर नाव, वय, तारीख आणि "डावी ओव्हरी" की "उजवी ओव्हरी" लिहिलं आहे का, तेही पाहा. खर्च वाचवायला "साधीच दिसतेय" म्हणून गाठ न तपासता टाकून देणं ही या आजारातली सर्वांत मोठी चूक ठरते. अंडाशयातून काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे.

लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या दर सेंटीमीटरमागे किमान एक तुकडा घेतात. 12 सेंटीमीटरच्या गाठीतून निदान 12. प्रत्येक तुकडा मेणात बसवून काडेपेटीपेक्षा लहान असा एक ठोकळा करतात; हाच "ब्लॉक". त्याचे काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काचेवर घेऊन, गुलाबी-जांभळा रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ग्रॅन्युलोसा पेशींचं केंद्रक कॉफीच्या बीसारखं मधोमध खाच असलेलं दिसतं, आणि या पेशी जागोजाग गुलाबी द्रवाच्या थेंबाभोवती कडं करून बसलेल्या असतात. या कड्यांना कॉल-एक्सनर बॉडीज म्हणतात.

मुंबईचं टाटा मेमोरियल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं तेव्हा तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती; भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारे म्हणून ते ओळखले जातात. तेव्हापासून आजपर्यंत कर्करोगाच्या निदानाचा शेवटचा शब्द याच काचेवर लिहिला जातो. पण दुर्मिळ गाठ एखाद्या लॅबमध्ये वर्षातून एखादीच येते, आणि ती फायब्रोमा, एंडोमेट्रिऑइड कर्करोग, कार्सिनॉइड अशा इतर गाठींसारखी दिसू शकते. म्हणून रिपोर्टवर ग्रॅन्युलोसा हे नाव आलं, किंवा त्याची नुसती शंका लिहिली, तरी स्लाइड आणि ब्लॉक मोठ्या केंद्रात पुन्हा तपासून घ्या. हा कुणावर अविश्वास नाही. मोठ्या कर्करोग केंद्रांत उपचार सुरू करण्याआधी ही नेहमीची पद्धत आहे.

जनुकात नेमकं काय बदलतं

आता या आजाराच्या मुळाशी जाऊ. 2009 मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या संशोधकांनी ॲडल्ट प्रकारच्या चार गाठींचा जनुकीय मजकूर वाचून काढला. चारही गाठींत एकच बदल सापडला. मग त्यांनी आणखी 89 गाठी तपासल्या. त्यांतल्या 86 गाठींत, म्हणजे सुमारे 97 टक्क्यांत, नेमका तोच बदल होता. कर्करोगात इतकं एकसारखेपण फार विरळा.

हा बदल फॉक्सएल2 नावाच्या जनुकात होतो. या जनुकाच्या 402 व्या जागी सी या अक्षराऐवजी जी येतं, आणि त्यामुळे त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात 134 व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी ट्रिप्टोफॅन बसतं. एवढाच फरक. पण फॉक्सएल2 हे साधं जनुक नाही. ग्रॅन्युलोसा पेशींनी कोणती जनुकं चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे तेच ठरवतं. प्रौढ मादी उंदरांत हे जनुक बंद केल्यावर त्यांच्या अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या वागू लागल्या, असं 2009 मध्येच दिसून आलं. गाठीतलं बदललेलं फॉक्सएल2 बंद पडत नाही. ते डीएनएवर भलत्या जागी बसतं, पेशीतल्या एसमॅड या वाढीच्या निरोप्यांशी हातमिळवणी करतं आणि वाढीचे चुकीचे आदेश देतं. पुढे काही गाठींत टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागात आणखी एक बदल होतो. परत उगवलेल्या गाठींत तो जास्त दिसतो.

रुग्णाला या माहितीचा उपयोग तीन प्रकारे होतो.

पहिला, निदानासाठी. गाठ नेमकी कोणती याबद्दल पॅथॉलॉजिस्टना शंका असेल तर ब्लॉकमधून फॉक्सएल2 ची तपासणी करता येते. मोठ्या केंद्रांत ती होते. चित्र स्पष्ट असेल आणि इनहिबिन, कॅलरेटिनिन यांसारखे रंग जुळत असतील, तर प्रत्येकीला ती लागेलच असं नाही.

दुसरा, मुलीबाळींसाठी. फॉक्सएल2 चा हा बदल फक्त गाठीच्या पेशींत होतो. तो आईकडून मुलीकडे जात नाही. "माझ्या मुलीलाही होईल का?" या प्रश्नाचं ॲडल्ट ग्रॅन्युलोसा गाठीपुरतं उत्तर असं की या जनुकामुळे नाही. मात्र रिपोर्टवर सर्टोली-लेडिग सेल ट्यूमर हे नाव असेल तर गोष्ट वेगळी. त्या गाठीत डायसर1 या जनुकाचा बदल कुटुंबात उतरलेला असू शकतो, आणि तिथे टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या ॲक्ट्रेकसारख्या केंद्रातल्या जनुकीय सल्ल्याची गरज असते.

तिसरा, पैशांसाठी. महागड्या जनुकीय पॅनेलची शिफारस झाली तर विचारा, "या निकालानं उपचार बदलणार आहे का?" अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगात बीआरसीए जनुकावरून औषध ठरतं, या गाठीचा बीआरसीएशी तसा संबंध नाही. फॉक्सएल2 वर थेट काम करणारं, वापरायला मंजुरी मिळालेलं औषध आज बाजारात नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

फाइलमधल्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर या सहा गोष्टी शोधा आणि नसतील तर विचारून लिहून घ्या: गाठीचं पूर्ण नाव, ॲडल्ट की जुव्हेनाइल, गाठीचा आकार, आवरण शाबूत होतं की फुटलेलं, आणि फुटलं असेल तर ऑपरेशनच्या आधी की ऑपरेशन करताना, पोटातल्या पाण्यात पेशी सापडल्या का, आणि टप्पा. शेवटची गोष्ट डॉक्टर सगळं एकत्र पाहून ठरवतात, त्यामुळे ती डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली असावी असा आग्रह धरा.

उपचार कसे ठरतात

टप्पा 1ए असेल तर ऑपरेशन हाच उपचार. केमो लागत नाही. 80 ते 90 टक्के रुग्ण पहिल्याच टप्प्यात सापडतात आणि त्यांच्यापैकी 90 टक्क्यांहून अधिक स्त्रिया पाच वर्षांनंतर जगत असतात. इथे "कॅन्सर आहे आणि केमो देत नाहीत" म्हणून घाबरून दुसरीकडे धावू नका. उलट, निदान चुकून नेहमीचा कर्करोग ठरला असता तर नको असलेली केमो झाली असती. अचूक निदान किती मोलाचं ते इथे कळतं.

टप्पा 1सी असेल, विशेषतः गाठ आधीच फुटलेली असेल, तर केमो द्यायची की फक्त लक्ष ठेवायचं, हे वय, गाठीचा आकार आणि पॅथॉलॉजी पाहून ठरवतात. या टप्प्यात दोन केंद्रांची मतं वेगळी असू शकतात.

टप्पा 2 पासून पुढे केमो दिली जाते. एक पद्धत बीईपी, म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन. दुसरी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. ब्लिओमायसिन फुप्फुसांवर परिणाम करू शकतं, म्हणून आधी फुप्फुसांची तपासणी होते. कोरडा खोकला किंवा दम लागू लागला तर पुढच्या सायकलची वाट न पाहता कळवा. हे औषध मिळालेल्या बाईनं आयुष्यात पुढे कुठलंही ऑपरेशन असलं, अगदी हर्नियाचं, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगायचं. कारण भुलीत दिलेला जास्त ऑक्सिजन अशा फुप्फुसांना बाधू शकतो. सिस्प्लॅटिनमध्ये पाणी भरपूर प्यायचं, आणि कानात आवाज येऊ लागला तर सांगायचं. पॅक्लिटॅक्सेलनं हातापायांना मुंग्या येतात. कोयता, विळी, चूल सांभाळून वापरा.

गाठ परत आली तर पहिला विचार पुन्हा ऑपरेशनचा. ही गाठ सावकाश वाढत असल्यानं दुसरं, तिसरं ऑपरेशन करूनही अनेक जणी कित्येक वर्षं चांगल्या राहतात. ते शक्य नसेल तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या, लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल, देता येतात. त्यांनी गाठ झपाट्यानं लहान होतेच असं नाही, पण बऱ्याच जणींत तिची वाढ रोखली जाते. या गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. केमो आणि बेव्हासिझुमॅब हे पुढचे मार्ग. पाळीच्या त्रासासाठी किंवा गरम वाफा येतात म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पुढची वीस वर्षं

पहिली दोन वर्षं साधारण दर तीन-चार महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि ती कायम. अंडाशयाच्या नेहमीच्या कर्करोगात पाच वर्षं निर्धोक गेली की धोका पुष्कळ कमी होतो. इथे तसं नाही. एकूण रुग्णांपैकी सुमारे 20 ते 30 टक्के जणींची गाठ परत येते, बऱ्याच जणींची चार ते सहा वर्षांच्या सुमारास, तर काहींची दोन दशकांनंतर. तपासणीत पोट व आतून तपासणं, आधी वाढलेलं असेल तर इनहिबिन बी, आणि लागेल तेव्हा सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन. इनहिबिन शक्यतो एकाच लॅबमधून करा, कारण लॅब बदलली की आकडे थेट जुळवता येत नाहीत.

कोकणात तारखा हुकतात त्या ठरलेल्या कारणांनी. आंब्याचा हंगाम, मग लावणी, मग गणपतीला मुंबईकर घरी. तारीख घेतानाच हे डॉक्टरांना सांगा आणि पर्यायी तारीख ठरवून घ्या. सहा महिन्यांची तपासणी दोन आठवडे पुढे गेली तर फारसं बिघडत नाही; ती दोन वर्षं राहून जाते तेव्हा बिघडतं.

फाइल अशी ठेवा. ऑपरेशनच्या नोट्स, डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजी रिपोर्ट, इनहिबिनचे सगळे आकडे तारखांसह, केमोचा तक्ता. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत, आणि फोटो मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्येही. ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घेता येतात. लॅब त्या ठरावीक काळच ठेवते, म्हणून मुदत संपण्याआधी मागून घ्या. ब्लॉक मेणाचा आहे. घरात थंड, कोरड्या जागी ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीत नको. वीस वर्षांनंतर याच ब्लॉकमधून नव्या तपासण्या होऊ शकतात.

रत्नागिरीहून निघताना

चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळच्या डेरवणला वालावलकर रुग्णालयात कर्करोग विभाग आहे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पहिला सल्ला तिथे घेता येतो. दुर्मिळ गाठ म्हणून टाटा मेमोरियलचं मत हवं असेल तर प्रत्येक वेळी परळ गाठायलाच हवं असं नाही. 2012 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या "नव्या" या सेवेतून कागदपत्रं ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं. तपासणी रत्नागिरीत किंवा डेरवणला, सल्ला मुंबईचा, अशी वाटणी केली तर फेऱ्या वाचतात.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे मान्य उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत होतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी भेटा, नंतर नाही. चौकशीसाठी 155388 हा क्रमांक आहे.

मुंबईला जावंच लागलं तर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडं माफ आहे आणि सोबत्याला 75 टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो; पहिल्या भेटीतच तो मागून घ्या. एसटीत 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे. कोकणकन्येनं पहाटे दादरला उतरलं की परळ जवळ. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती रुग्णांची सोय करतात. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाचं पत्र त्यासाठी घ्या. सोबत मूळ कागद, स्लाइड, ब्लॉक आणि फाइलची एक झेरॉक्स असू द्या. मूळ कागद कुठेही जमा करून येऊ नका.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात आई, बहीण, काकू, वहिनी यांच्यापैकी कुणाची कधीकाळी ओव्हरीची गाठ काढली असेल, तर आज तिला दोन प्रश्न विचारा: गाठ तपासायला पाठवली होती का, आणि रिपोर्टवर नाव काय होतं. उत्तर येत नसेल तर त्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये जाऊन रिपोर्टची प्रत मागा. नाव साध्या गाठीचं निघालं तर मनावरचं ओझं उतरेल. ग्रॅन्युलोसा निघालं, तर ऑपरेशनला कितीही वर्षं झालेली असोत, तिची तपासणी याच महिन्यात सुरू करा.